‘देवेंद्र कुरवंजी’ आणि अंतराचे माप

तंजावरच्या मराठी वाङ्मयाविषयी लिहिताना आपल्याकडे एक ठराविक रीत पडून गेली आहे. शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या नाटकाचा उल्लेख करावयाचा, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या सांगलीच्या प्रयोगापूर्वी सुमारे दीडशे वर्षे दक्षिणेत मराठी नाटक लिहिले गेले होते याबद्दल धन्यता मानावयाची, सरस्वती महालातील पोथ्यांकडे बोट दाखवावयाचे आणि पुढच्या विषयाकडे वळावयाचे. ही धन्यता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु धन्यता मानून झाली की ग्रंथ वाचण्याचे काम राहूनच जाते. दुसऱ्या सरफोजीमहाराजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ची हीच गत झाली आहे. सरस्वती महालाने हे नाटक १९५० साली छापून प्रसिद्ध केले. त्यास पाऊणशे वर्षे होऊन गेली, तरी ‘पदांतून सांगितलेला जगाचा भूगोल’ एवढ्या एका वाक्यात त्याची वासलात लावण्याची सवय काही सुटलेली नाही.

नाटकाचा सांगाडा साधा आहे. कुरवंजी म्हणजे डोंगरी भटक्या जमातीतील शकुन सांगणारी स्त्री. ती इंद्राणीपुढे येते आणि पृथ्वीचे वर्णन पदांतून गाऊ लागते. खंडे, देश, नगरे असा तो विस्तार आहे. हा भूगोल पुराणांतील भुवनकोशाचा नव्हे. चौऱ्याऐंशी हजार योजने उंच मेरू, उसाच्या रसाचा समुद्र, दह्याचा समुद्र, सात द्वीपांची वलये, हे सारे बाजूस सारून युरोपीय नकाशावरची पृथ्वी येथे मराठी पदांत उतरली आहे. स्वर्गाच्या राणीला ही नवी पृथ्वी समजावून सांगण्याचे काम एका भटकीकडे यावे, आणि तिने ते तामिळ मुलखात बसून मराठीत करावे, यातील गंमत लक्षात घेतल्याशिवाय या नाटकाविषयी बोलण्यात अर्थ नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हे काव्य नसून शाळेचा धडा आहे. तो धडा आहे हे मान्य करण्यास हरकत नाही. सरफोजींनी शाळा काढल्या, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि इसापच्या कथा मराठीत आणवून ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविल्या. असा राजा नाटकाचा उपयोगही शिकविण्यासाठी करणारच. पण धडा आहे एवढ्यावरून काव्य नाही असे ठरवावयाचे, तर आपल्या संतवाङ्मयाचाही बराच भाग बाजूस ठेवावा लागेल. आमचा आक्षेप निराळा आहे. तो अंतरासंबंधी आहे. मात्र त्याकडे येण्यापूर्वी नाटककाराने निवडलेल्या साच्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. साचा निवडण्यात त्याने दाखविलेली बुद्धी असामान्य आहे.

कुरवंजी हा मूळचा तामिळ नाट्यप्रकार. देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहून नायिका मोहित होते, विरहाने झुरते. मग कुरत्ती येते. आपला डोंगर, आपला मुलूख, आपण हिंडलेली गावे यांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते आणि मीलनाचा शकुन सांगते. अठराव्या शतकातील तिरिकूट राशप्प कविरायरांची ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’ ही या प्रकारातील सर्वांत नावाजलेली कृती. या साच्यात देशवर्णनाची जागा आधीपासूनच राखून ठेवलेली आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. कुरत्ती शहाणी असते ती हिंडलेली असते म्हणून. पंडिताने पोथीतून भूगोल सांगितला असता तर प्रेक्षक जांभया देते. भटकीने तो सांगितला की त्याला पाहिल्याची साक्ष मिळते. नाटककाराने फक्त तिचा डोंगर मोठा केला; त्याची पृथ्वी केली.

ही कल्पना तंजावरच्या हवेत होती असे दिसते. रेव्हरंड श्वार्ट्झ यांच्या हाताखाली सरफोजींबरोबर शिकलेले तामिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्री यांनीही आपल्या ‘बेथलेहेम कुरवंजी’त भूगोल आणि नवे खगोलशास्त्र आणले आहे. एका गुरूचे दोन शिष्य, एक ख्रिस्ती आणि एक शिवभक्त, एकाच नाट्यप्रकारात नवी पृथ्वी बसवू पाहतात. एक तामिळमध्ये, दुसरा मराठीत. तौलनिक अभ्यासाची हौस असणाऱ्यांनी यासाठी परदेशी वाङ्मयाकडे धाव घेण्याचे कारण नाही.

तथापि सरफोजींच्या बाबतीत या भूगोलाला एक वेगळी धार आहे. १७९८ साली ते गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हाती उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा टापू. ज्याच्या सत्तेची सीमा तासाभरात पायी गाठता येईल, अशा राजाने नकाशे जमवावेत, दुर्बिणी मागवाव्यात आणि सगळ्या पृथ्वीचे नाटक रचावे, यात विसंगती पाहणारे पाहोत. आम्हांस त्यात फार मानवी असे काही दिसते. बदलीच्या गावी सरकारी बंगल्यात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगणाऱ्या आपल्या वाचकांना ते अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात तंजावरात अंतर मोजण्याचा आणखी एक उद्योग चालला होता. १८०२ साली मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची आधाररेषा मोजून विल्यम लॅम्टन याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीस आरंभ केला. आधाररेषा एकदा पावलापावलाने मोजली की पुढचे अंतर चालावे लागत नाही. उंचावरून कोन घेतले की पुरे. कावेरीच्या खोऱ्यात डोंगर नाहीत, सपाट भातशेती आणि नारळीची बने. म्हणून गोपुरे आणि शिखरे हीच त्याची डोंगरमाथ्याची जागा. १८०८ साली अर्ध्या टनाच्या घरात वजन असलेला त्याचा थोरला थिओडोलाइट बृहदीश्वराच्या दोनशे फुटांहून उंच शिखरावर चढविला जात असताना दोर तुटला, यंत्र दगडावर आपटले आणि त्याचे वर्तुळ वेडेवाकडे झाले. लॅम्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेऊन कित्येक आठवडे खपून ते पुन्हा सुधारले. त्याच देवळाच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, १८०३ साली, भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला होता. एक मराठी दरबार आपला भूतकाळ दगडावर कोरून ठेवीत आहे आणि एक इंग्रज अधिकारी त्याच दगडांवरून पुढचे कोन मोजीत आहे. कादंबरीकाराने हे कल्पनेने रचले असते तर टीकाकारांनी त्यास कृत्रिम म्हटले असते.

लॅम्टनचे गणित आणि कुरवंजीचे गाणे यांत एक साम्य आहे. दोघेही पाय न हलविता दूरची जागा हाती आणतात. गणिताला हे शोभते. त्याचा हेतूच तो. कुरवंजीला शोभते का, हा आमचा प्रश्न.

पदातून देशांची आणि नगरांची नावे सांगितली जातात तेव्हा दोन नगरांमधील अंतर तालाच्या एका आवर्तनाएवढे होऊन बसते. शेजारचे नगर असो वा समुद्रापलीकडचे, गाणारीचा श्वास सारखाच लागतो. आकडा सांगितला म्हणून यात फरक पडत नाही. शंभर कोस आणि हजार कोस हे शब्द उच्चारावयास सारखाच वेळ घेतात. अंतर म्हणजे दोन नावांच्या मधला प्रदेश. तेथे वाट चुकते, नदी उतरून जाण्याची वाट पाहावी लागते, भाषा हळूहळू बदलत जाते, पाण्याची चव बदलते. कुरवंजी सगळी पृथ्वी पाहून आली आहे असे आपण मानावयाचे. पण तिच्या पायांवर धूळ कोठे दिसत नाही. ज्या साक्षीसाठी नाटककाराने तिला निवडली, ती साक्षच नकाशाने तिच्याकडून काढून घेतली आहे. ती पाहिलेले सांगते म्हणून आपण ऐकावयास बसलो, आणि थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येते की, ती वाचून दाखवीत आहे.

हा दोष भूगोलाच्या विषयातून अपरिहार्यपणे येतो असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे मूळ तामिळ परंपरेकडे पाहिले की कळते. कुट्रालच्या कुरवंजीत शकुन सांगून झाल्यावर कुरत्तीचा नवरा तिला शोधीत येतो. इतके दिवस कोठे होतीस, आणि तुझ्या पायांत, गळ्यात, कानांत हे काय दिसते, असे तो संशयाने विचारतो. ती एकेक दागिना दाखवीत उत्तर देते: हा अमुक मुलखात शकुन सांगितला त्याबद्दल मिळाला, तो तमुक गावी. येथेही नावांची यादीच आहे. पण प्रत्येक नाव अंगावर वजन घेऊन आले आहे. मधल्या काळात घरी एक माणूस वाट पाहत होता, ही जाणीव त्या प्रश्नोत्तरांत सारखी जागी असते. अंतराचे माप तेथे विरह हे आहे. शृंगाराचा हा प्रसंग निव्वळ करमणुकीचा म्हणून सोडून देणाऱ्या टीकाकारांनी तो पुन्हा वाचावा.

आणि खुद्द तंजावरच्या मराठीतही दुसरा मार्ग उपलब्ध होता. १८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह काशीची यात्रा केली. तंजावर ते काशी हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेसोळाशे किलोमीटरांहून अधिक भरते. रस्त्याने ते किती झाले असेल याची कल्पनाच करावी. या यात्रेवर रचलेल्या ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ उपलब्ध आहेत. भाषेचा डौल किंवा कल्पनेची झेप या दृष्टीने पाहता त्या कुरवंजीच्या पासंगाला पुरणार नाहीत. परंतु यात्रेचे वर्णन वाटेचा क्रम सोडू शकत नाही, ही त्या रचनेची जमेची बाजू आहे. आजचा मुक्काम टाकल्याशिवाय उद्याच्या मुक्कामास पोहोचता येत नाही. ज्याने पृथ्वीचे नाटक किल्ल्यात बसून रचले, त्यालाच पुढे गंगेपर्यंत जावयास आणि परत यावयास दोन वर्षे लागली. नाटक यात्रेनंतर रचले गेले असते तर कुरवंजी निराळी बोलली असती काय, हा विचार मनात येतोच. (लावणी हा शब्द येथे पाहून चकित होणाऱ्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, तंजावरच्या परिसरात लावणी पुढे तामिळमध्येही रुजली, मदन जळाला की जळाला नाही यावर दोन पक्ष करून कामदहनाच्या वेळी तेथे लावणीचे सवालजवाब झडत आले आहेत.)

मराठी गद्यात वाटेचे हे भान सर्वांत उत्कटपणे प्रकटले ते गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये. १८५७ साली वरसईहून निघालेल्या त्या भिक्षुकाजवळ नकाशा नव्हता. गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी परतला तेव्हा प्रत्येक कोस त्याच्या खांद्याने मोजला होता. सरफोजींजवळ नकाशे होते, खांदा नव्हता. दोन्ही गोष्टी एका लेखकाच्या ठायी क्वचितच येतात.

आता या चर्चेचा आजच्या आपल्या व्यवहाराशी काही संबंध आहे काय? आहे, आणि तो तंजावरच्याच अंगणात दिसतो. तंजावरहून पुणे सरळ रेषेत हजार किलोमीटरांहून थोडे अधिक दूर आहे. लंकेतील जाफना एकशे साठ किलोमीटरांच्या आतच. परदेश घरापेक्षा सहापटींनी जवळ! हा शेजार नकाशावर कधी हललेला नाही, पण वाटा मात्र वरचेवर मोडल्या. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि धनुष्कोडीपर्यंत आगगाडी, तेथून तलैमन्नारपर्यंत आगबोट, असा रस्ता सुरू झाला. १९६४ च्या डिसेंबरातील वादळाने धनुष्कोडी धुऊन नेली. रामेश्वराहून चाललेली फेरी पुढे लंकेतील यादवीच्या सुरुवातीच्या वर्षांत बंद पडली. त्यानंतर कित्येक दशके समुद्राची ही चिंचोळी पट्टी महासागराएवढी रुंद राहिली. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच असलेल्या नागपट्टणमहून लंकेतील कांकेसंतुरै बंदरापर्यंत २०२३ च्या ऑक्टोबरात बोट सुरू झाली. पुढे २०२५ च्या मार्चअखेरीस तिरुचिरापल्लीहून जाफन्यास थेट विमान जाऊ लागले.

त्या विमानाचे वेळापत्रक वाचण्यासारखे होते. तिरुचिरापल्ली ते जाफना हे हवेतील अंतर सुमारे १८५ किलोमीटर, वेळ सुमारे एक तास. तिरुचिरापल्ली ते कोलंबो हे अंतर ४१५ किलोमीटरांच्या आसपास, वेळ तोही सुमारे एक तासच. एक विमान पंख्याचे, धिमे. दुसरे झोताचे, वेगवान. आणि धावपट्टीवर सरपटण्याचा वेळ दोन्हीकडे सारखाच. परिणाम असा की, दुपटीहून अधिक अंतर आणि निम्म्याहून कमी अंतर वेळापत्रकात एकाच मापाचे ठरते. कुरवंजीच्या गाण्यातील तालाचे आवर्तन ते हेच. तंजावरहून तिरुचिरापल्लीच्या विमानतळापर्यंतचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पारपत्राची रांग, सामानाची तपासणी, उतरल्यावर पुन्हा रांग, हे सारे त्या एका तासात धरलेले नाही. प्रवासभत्त्याच्या बिलाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ठाऊक आहे की, त्या कागदावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहावी लागते. मधल्या वेळात काय घडले याला रकाना नसतो.

वेळापत्रकावर आमचा राग नाही. वेळापत्रक वाङ्मय असल्याचा दावा करीत नाही. चिंता वाटते ती त्याच मापाने लिहिल्या जाणाऱ्या प्रवासवर्णनांची, जेथे लेखक एका विमानतळावरून दुसऱ्यावर उतरतो आणि पहिल्याच परिच्छेदात तेथील लोकांचा स्वभाव सांगून मोकळा होतो. शिवाय या मापाने शेजार दिसेनासा होतो. सगळीच नगरे काही तासांवर आली की जवळचे नगर जवळ असल्याचे महत्त्व उरत नाही. मग मोठ्या नावाचेच नगर आधी पाहिले जाते. आपल्या प्रवासवर्णनाची लोकप्रियता ज्या लेखकाने शिखरास नेली, त्या पु. ल. देशपांडे यांचीही ‘अपूर्वाई’ १९६० साली पश्चिमेकडे गेली आणि ‘पूर्वरंग’ त्यानंतर, १९६३ साली, पूर्वेकडे वळला. हा दोष त्या लेखकाचा नव्हे. एका सबंध सुशिक्षित पिढीच्या नजरेची ती दिशा होती.

ती दिशा सरफोजींच्या काळातच ठरून गेली होती असे म्हणावेसे वाटते. तंजावरहून दक्षिणेस, समुद्रकाठी, शरभेंद्रराजपट्टणमपाशी त्यांनी १८१४-१५ साली आठ मजल्यांचा षट्कोनी बुरूज बांधला. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक. तामिळ माणसे आजही त्यास ‘मनोरा’ असे मराठी नावानेच ओळखतात. त्या मनोऱ्यावरून सरळ रेषेत जाफना शंभर किलोमीटरांच्या आसपास. १८१५ च्या मार्चमध्ये त्याच लंकेत कँडीचे राज्य कंठशोष न होता इंग्रजांच्या घशात गेले. तेथील अखेरचा राजा श्रीविक्रम राजसिंह हा दक्षिणेतील नायक घराण्याच्या नात्यातला. त्यास वेल्लोरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले आणि १८३२ च्या जानेवारीत तो तेथेच वारला. पुढच्या मार्चमध्ये सरफोजीही गेले. समुद्रापलीकडे शेजारच्या राजाचे सिंहासन उलथत होते त्याच सुमारास अलीकडच्या काठावर हजारो कोसांवरच्या युद्धाचा विजयस्तंभ उभा राहत होता. राजाचा यात नाइलाज किती आणि उत्साह किती, हे ठरविण्याचे काम इतिहासकारांचे. वाङ्मयाच्या वाचकाला मात्र मनोरा आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ एकाच दृष्टीची अपत्ये वाटतात. दोन्हींना फार दूरचे स्वच्छ दिसते.

एवढे दोष काढल्यावरही हे नाटक आम्ही पुन्हा पुन्हा वाचण्याजोगे समजतो. नव्या पृथ्वीची नावे मराठीत कशी उच्चारावी, त्यांना विभक्तिप्रत्यय कसे लावावे, ती तालात कशी बसवावी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या पाठ्यपुस्तककारांपुढे येण्यापूर्वी तंजावरात एका नाटककाराने हाताळला. परमुलखात चार पिढ्या वाढलेली मराठी नव्या ज्ञानाला तोंड देण्यास डगमगली नाही, हे मोलाचे आहे. आणि ते ज्ञान राजगुरूच्या किंवा पाद्र्याच्या तोंडी न घालता एका फिरस्तीच्या तोंडी घालण्याची रसिकताही मोलाची आहे.

पुढे कोणी या नाटकाची नवी आवृत्ती काढावयाचे मनावर घेतील तर त्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पदांतील देशांच्या व नगरांच्या नावांची सूची आजच्या नावांसह द्यावी, आणि शक्य झाल्यास त्या काळच्या धाटणीचा एक नकाशा जोडावा, म्हणजे ‘हे कोणते गाव’ या शंकेत वाचकाचा रस आटणार नाही. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांची ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तामिळ कृती याच दरबारातील; तिचा नायक स्वतः सरफोजी, आणि बृहदीश्वराच्या देवळात उत्सवप्रसंगी तिचा प्रयोग होत असे. त्या कृतीचा मराठी अनुवाद याच पुस्तकाच्या उत्तरार्धात छापावा. एका कुरवंजीत राजा जगाकडे पाहतो, दुसरीत गावातली नायिका राजाकडे. दोन्ही एका बांधणीत आल्या म्हणजे वाचकाला आमच्यासारख्यांच्या मध्यस्थीची जरूर पडणार नाही.